खंडाळ्याच्या घाटातील बंद बोगदे : आत पाऊल टाकण्यापूर्वी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील पाच मित्र आहेत, सर्वांना सह्याद्रीत हिंडण्याचा काही वर्षांचा सराव आहे, आणि खंडाळ्याच्या घाटात जुन्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या, म्हणजे गाडीची दिशा उलटवण्याच्या स्थानकाच्या, मार्गावरचे जे बोगदे १९२९ नंतर वापरातून गेले, ते त्यांना आतून पाहायचे आहेत. साहित्य काय न्यावे, परवानगी लागते का आणि धोका नेमका कशाचा, हे तीन मुद्दे त्यांनी विचारले आहेत. रेल्वेच्या स्थापत्य शाखेत तीस वर्षांहून अधिक काळ मी पुलांच्या आणि बोगद्यांच्या तपासणीचे काम केले आणि त्यातील बराच काळ घाटात गेला, म्हणून सविस्तर लिहितो. साहित्याचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण बोगद्यातील बहुतेक अपघात साहित्य कमी पडल्याने झालेले मी पाहिले नाहीत. ते समोर दिसत असलेल्या खुणा न वाचल्याने झाले.

चालू बोगदा आणि बंद बोगदा यांत खडक तोच असतो आणि चुनाही तोच असतो, पण चालू बोगद्याला माणसांचा हात लागलेला असतो. पावसाळ्यापूर्वी त्याच्या नाल्या उपसल्या जातात, हिल गँगची माणसे दोर बांधून डोंगरउतारावरचे सुटे धोंडे पाडून घेतात, की-मन, म्हणजे रूळ तपासणारा कामगार, रोज त्यातून चालत जातो आणि अभियंता ठरलेल्या मुदतीत माथ्यापासून पायापर्यंत पाहणी करून नोंदवहीत लिहितो. मार्ग सोडून दिला की हे सारे हात एकाच दिवशी निघून जातात. त्यानंतर कोणता दगड कधी सुटला, कोणती नाली कधी तुंबली, हे कोणी लिहून ठेवत नाही. अशा बोगद्यात शिरणाऱ्याला ते तपासनिसाचे काम स्वतःच्या अंगावर घ्यावे लागते, आणि ते घेण्याची तयारी नसेल तर बाहेरूनच पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हे बोगदे कसे घडले ते समजून घ्यावे, कारण त्यांची आजची अवस्था त्यांच्या घडणीतूनच आलेली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोहोचली आणि खंडाळा ते पुणे हा भाग १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागत असे. घाटातील मार्गाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते तो खुला झाला. सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या लांबीत १,८३१ फूट चढ, सर्वांत कडक ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा उतार, आणि वाटेत पंचवीस बोगदे. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखणी केली. पहिले कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांत वारले, आणि पुढचे काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी आपल्या व्यवस्थापकांकरवी तडीस नेले. कामाच्या भरात चाळीस हजारांवर माणसे या डोंगरात राबत होती. त्यांत दगडाच्या कामात मुरलेले वडार होते, आसपासच्या गावांतील शेतकरी होते, आणि पटकीने त्यांच्यातील असंख्य लोक येथेच मेले. घाटाची वाट इंग्रजांना एका धनगराने दाखवली आणि त्याबद्दल त्याचा जीव गेला, अशी शिंग्रोबाची कथा घाटातील त्याच्या देवळापाशी आजही सांगितली जाते. तिला कागदोपत्री आधार शोधण्यापेक्षा मी त्या देवळापाशी थांबून नमस्कार करतो आणि पुढे जातो.

रिव्हर्सिंग स्टेशनची रचना अशी होती की कड्याच्या बाजूला गाडीला वळण घेण्याइतकी जागाच नव्हती, म्हणून रूळ एका सपाट टोकापर्यंत नेले होते. वर चढणारी गाडी त्या टोकावर येऊन थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूला जोडले जाई आणि गाडी उलट्या तोंडाने पुढचा चढ चढू लागे. नकाशावर ही आखणी इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसते. थळ घाटातही, म्हणजे कसाऱ्याच्या बाजूला, अशीच योजना होती. गाड्या लांब आणि जड झाल्यावर ही थांबाथांब परवडेना. विजेवर गाड्या चालवण्याची तयारी सुरू असताना मंकी हिल ते खंडाळा हा भाग नव्या बोगद्यांतून वळवून १९२९ मध्ये रिव्हर्सिंगचा मार्ग बंद करण्यात आला. म्हणजे तुम्हाला जे बोगदे पाहायचे आहेत त्यांनी सहासष्ट वर्षे वाफेची इंजिने पाहिली आणि नंतर नव्वदांहून अधिक पावसाळे एकट्याने काढले. खंडाळा-लोणावळ्याच्या परिसरात एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या एकटेपणाचे वजन कळते.

घाटातील मूळ पंचवीस बोगद्यांची एकूण लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर होती, म्हणजे एकेक बोगदा सरासरी दीडशे मीटरांच्या आत-बाहेर. ही गोष्ट शोधकाच्या फार उपयोगाची आहे. एवढ्या आखूड बोगद्याच्या तोंडाशी उभे राहिले की समोर पलीकडचा उजेड दिसायला हवा. बोगदा वळणात असेल तर उजेडाचा ठिपका दिसणार नाही, पण लांबच्या भिंतीवर त्याची फिकट झाक तरी दिसते. ती झाकही दिसली नाही, तर मध्ये काहीतरी कोसळले आहे किंवा पलीकडचे तोंड दरडीने अथवा भरावाने बुजले आहे असे धरून चालावे. अशा बोगद्यात आत जाऊ नये. त्यामागे दोन कारणे आहेत : एक, जेथे एकदा छत खाली आले तेथे ते पुन्हा येते, दोन, एका बाजूने बंद असलेल्या बोगद्यात हवा खेळत नाही. याला मी अपवाद करीत नाही, सोबत कितीही अनुभवी माणूस असला तरी.

खडकाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. सह्याद्रीचा हा भाग लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला आहे. घट्ट काळ्या पाषाणाच्या थरात खोदलेला बोगदा विनाअस्तराचा, म्हणजे आतून बांधकाम न करता, ठेवला तरी शतकानुशतके उभा राहू शकतो. त्याच्या खाली-वर येणारा सच्छिद्र खडक, ज्याला विहिरी खणणारे लोक मांजऱ्या म्हणतात, तो खोदायला सोपा पण पाण्याने झिजणारा. आणि दोन लाव्हाथरांच्या मध्ये कोठे कोठे गेरूसारखा तांबडा, मातकट थर सापडतो, तो सर्वांत वाईट. कोरडा असेपर्यंत तो दगडासारखा वाटतो, पण ओल लागली की फुगतो, भुगा होऊन गळतो आणि त्याच्यावर टेकलेला चांगला खडक अधांतरी राहतो. बोगद्याच्या भिंतीत असा तांबडा पट्टा दिसला तर तो छताकडे चढत जातो की पायाकडे उतरत जातो हे बाहेरूनच विजेरीने पाहून घ्यावे. पट्टा खांद्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर असेल तर त्याच्या वरच्या भागाला आधार उरलेला नसण्याची शक्यता फार मोठी असते. पाणीही याच थरांच्या सांध्यातून येते. पावसाळा संपून दोन महिने झाले तरी ते पाझरत राहते. म्हणूनच ऑक्टोबरमध्ये आकाश निरभ्र झाले, की बोगदा कोरडा झाला असे समजणारे लोक चुकतात. मी स्वतः डिसेंबरच्या मध्यापूर्वी कोणाला बंद बोगद्यात नेलेले नाही.

खडकाला तडे कसे पडले हेही पाहण्यासारखे आहे. डायनामाइटचे पेटंट १८६७ चे आहे, आणि हा घाट १८६३ मध्ये पुरा झाला. म्हणजे येथील प्रत्येक बोगदा हाताने पहार मारून भोक पाडायचे, त्यात काळी दारू ठासायची आणि बत्ती द्यायची, या पद्धतीने खोदलेला आहे. विनाअस्तराच्या भिंतींवर तिरपी विजेरी धरली तर त्या भोकांच्या अर्धगोल पन्हळी आजही दिसतात. एखादी हातभर लांब, एखादी वितीएवढी. मी प्रथम पाहिल्या तेव्हा त्यातील एका पन्हळीत बोट फिरवत बराच वेळ उभा होतो, कारण ते भोक मारताना एकाने पहार धरली असेल, दुसऱ्याने घण घातला असेल, आणि त्या दोघांचे नाव कोठेही नाही. परंतु तपासनिसाच्या नजरेने पाहिले तर याच पन्हळी सावध करतात. खडक ठरलेल्या रेषेत कातरून घेण्याचे आजचे सुरुंगतंत्र तेव्हा नव्हते, त्यामुळे प्रत्येक सुरुंगाने पाडायच्या दगडाबरोबर मागे ठेवायच्या दगडालाही हादरवले आहे. त्या वेळी केसाएवढे असलेले तडे पाणी, झाडांची मुळे आणि उन्हाळ्या-हिवाळ्याचे ताणे यांनी आता बोटाएवढे झालेले असतात.

जेथे खडक कमकुवत निघाला तेथे घडीव दगडांची कमान आणि भिंत बांधून अस्तर दिले जाते. पाहुण्यांना हे अस्तर पाहून धीर येतो. मला उलट तेथे अधिक वेळ थांबून पाहावेसे वाटते. अस्तर आहे याचा अर्थच असा की त्याच्या मागचा खडक बांधणाऱ्यांनाही भरवशाचा वाटला नव्हता. अस्तर आणि खडक यांमधील पोकळी सुक्या दगडांनी भरलेली असते आणि कालांतराने ती भर खाली बसते. दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, पांढरे ओघळ उतरलेले दिसले, किंवा कमानीला चुन्याच्या लोंबत्या कांड्या धरलेल्या दिसल्या, तर पाण्याने दरजांतला चुना वाहून नेला आहे असे समजावे. कमानीचा आकार डोळ्यांनी तपासावा : ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. एका खांद्यावर ती आत फुगली असेल, तर मागची भर तेथे रेटते आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सह्याद्रीतील एका सोडून दिलेल्या बोगद्यात आम्ही मोजमापासाठी गेलो होतो. अस्तराच्या भिंतीतून एक चिरा दोन बोटे पुढे आलेला होता. आमच्यातील एका तरुण सहकाऱ्याने तो हाताने जरासा हलवून पाहिला आणि चिरा निघाला. त्याच्यामागची सुकी भर पोते फाटावे तशी बाहेर ओतली गेली. तो बाजूला झाला म्हणून वाचला, पण त्याच्या पायाची दोन हाडे मोडली आणि त्याला झोळी करून दोन तास चालत खाली आणावे लागले. पथकप्रमुख मी होतो आणि कोणीही कशालाही हात लावू नये ही सूचना मी आत शिरताना दिली नव्हती. तेव्हापासून ती सूचना मी तोंडाशी उभा राहून प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतो.

छताविषयी आणखी एक गोष्ट. जमिनीवर पडलेले दगड हे छताचे सर्वांत प्रामाणिक पत्रक असते. दगडाचा तुटलेला चेहरा निळसर काळा, स्वच्छ आणि धूळ नसलेला असेल तर तो या हंगामात पडला आहे. त्यावर धूळ, काजळी किंवा शेवाळ चढले असेल तर तो जुना आहे. ताज्या दगडाच्या बरोबर वर पाहिले की छतात त्याची फिकट खाच सापडते आणि पुढचा कोणता सुटणार हेही बहुधा तेथेच दिसते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ स्विंटन येथे १९५३ च्या एप्रिलमध्ये क्लिफ्टन हॉल बोगद्यात काही विटा पडलेल्या आढळल्या होत्या. दोन आठवड्यांनी, बांधकामाच्या काळात खणून नंतर बुजवलेली आणि सर्वांच्या विस्मृतीत गेलेली विहीर बोगद्यात कोसळली, वरची घरे तिच्याबरोबर खाली गेली आणि पाच माणसे मेली. तो बोगदा तेव्हा रेल्वेच्या देखरेखीखाली होता. देखरेख असताना असे घडू शकते, तर नव्वद वर्षे कोणी न पाहिलेल्या छताखाली पडलेला एक ताजा दगड किती गंभीरपणे घ्यावा याचा अंदाज करावा.

काठीने किंवा लोखंडी सळईने ठोकून आवाज ऐकण्याची रीत तुम्ही कोठेतरी वाचली असेल. सलग दगड खणखणीत वाजतो आणि मागून सुटलेला पापुद्रा बद्द वाजतो, हे खरे आहे. परंतु ठोकणारा नेहमी न तपासलेल्या दगडाबाहेर, तपासलेल्या भागाखाली उभा राहतो आणि सळई लांब ठेवतो. शिवाय मागे पळायची वाट मोकळी असते. ही रीत अनुभवी माणसाच्या शेजारी उभे राहून शिकावी लागते. तुम्ही पाचजणांनी पहिल्या खेपेला ठोकाठोक करू नये.

हवेबद्दल. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या आखूड बोगद्यात वारा वाहतो आणि तो तुमच्या गालाला जाणवतो. तेथे फारशी चिंता नसते. चिंता असते ती बुजलेल्या बोगद्यात, पाणी साचून पालापाचोळा कुजलेल्या खळग्यात आणि वटवाघळांच्या मोठ्या वस्तीत. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साठतो. मेणबत्ती विझली की परत फिरायचे, ही जुनी परीक्षा पुरेशी नाही. ज्वालाग्राही वायू असेल तर ती परीक्षाच घात करील. चार वायू दाखवणारे खिशातले यंत्र भाड्याने मिळते. सामान्य हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो आणि यंत्राने १९.५ दाखवले की चर्चा न करता बाहेर यायचे. धूर कोंडला की काय होते याचे उदाहरण, योगायोगाने, आपला रिव्हर्सिंगचा मार्ग बंद झाला त्याच वर्षीचे आहे : नोव्हेंबर १९२९ मध्ये इंग्लंडमधील बाथजवळ एका मालगाडीचे चालक बोगद्यातील धुराने बेशुद्ध झाले, गाडी अनावर होऊन उताराने बाथच्या मालधक्क्यात घुसली. म्हणून बोगद्यात चूल, शेकोटी, फटाके, रंगीत धुराच्या कांड्या यांपैकी काहीही चालणार नाही.

वटवाघळे दिसली तर आवाज न करता मागे फिरावे. त्यांच्या विष्ठेच्या धुळीतून हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीचा संसर्ग फुप्फुसांना होऊ शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्याचे नंतर प्रसिद्ध केले आहे. यामुळे घाबरून वटवाघळांना हाकलण्याचे कारण नाही. त्यांचे घर त्यांना सोडून द्यावे, एवढेच. त्याहून तातडीचा धोका म्हणजे बोगद्याच्या तोंडावरच्या कड्याला लटकलेले आग्या मोहोळ. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हे सांगायला नको, तरी बोगद्याच्या संदर्भात एक भर घालतो : मधमाश्या उठल्या की माणूस सहज अंधारात आत पळतो, आणि तेथे पायाखालचे दिसत नाही. आत शिरण्यापूर्वी तोंडाच्या वरचा कडा दुर्बिणीने नीट न्याहाळावा. अत्तर, सुगंधी फवारे, धूर टाळावा. चिखलात पावलांचे ठसे आणि हाडे दिसली तर तो बिबट्याचा विसावा असू शकतो.

एवढे लिहूनही मला सर्वांत जास्त भीती वाटते ती बंद बोगद्याची नाही, तेथवर जाण्याच्या वाटेची आहे. जुना मार्ग आणि चालू मार्ग घाटात काही ठिकाणी अगदी शेजारून जातात, आणि हिंडणाऱ्यांना रुळावरून चालणे झाडीतून वाट काढण्यापेक्षा सोपे वाटते. कर्जत-लोणावळा दरम्यान आज तीन मार्ग आहेत. चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिने रेटतात, त्यांचा आवाज तरी होतो. पण उतरणारी गाडी ब्रेकवर येते, दऱ्यांतून आवाज परतून दिशा चुकवतो आणि दुसऱ्या मार्गावरच्या गाडीच्या घरघरीत ती मुळीच ऐकू येत नाही. चालू बोगद्यात गाडी आणि भिंत यांमधील जागा माणसासाठी ठेवलेली नाही. भिंतीत कोनाडे असतात, परंतु ते कोठे आहेत हे तेथे रोज काम करणाऱ्यालाच ठाऊक असते. डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब आहे आणि तिला स्पर्श न करताही, लांब काठी किंवा सेल्फी-स्टिक तिच्या जवळ नेली तरी, झटका बसू शकतो; दोन मीटरांच्या आत काहीही जाता कामा नये. शिवाय रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रूळ उखडले गेले म्हणजे हद्द संपली, असा समज करून घेऊ नये.

याच संदर्भात कर्नाटकातील सकलेशपूर-सुब्रमण्य घाटाचे उदाहरण सांगतो. तो मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज करण्यासाठी १९९६ मध्ये बंद झाला आणि पुढची दहा वर्षे तेथील सत्तावन्न बोगद्यांतून चालत जाणे गिर्यारोहकांच्या आवडीचे झाले. २००६ मध्ये त्या मार्गावर पुन्हा गाड्या धावू लागल्या. पण जुनी वर्णने वाचून लोक जातच राहिले. एखाद्या बोगद्याविषयी वाचलेले वर्णन कोणत्या वर्षाचे आहे हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

परवानगीसाठी मध्य रेल्वेच्या विभागीय कार्यालयातील अभियांत्रिकी शाखेकडे लेखी अर्ज करावा. अर्जात उद्देश, तारीख, माणसांची नावे, वेळ आणि नेमका बोगदा लिहावा, आणि रेल्वेचा माणूस सोबत देण्याची विनंती करावी. वाट वनखात्याच्या जमिनीतून जात असेल तर तेथील वनपरिक्षेत्र कार्यालयालाही कळवावे. एखाद्या महाविद्यालयाच्या स्थापत्य किंवा भूशास्त्र विभागामार्फत, अभ्यासासाठी म्हणून केलेला अर्ज अधिक गांभीर्याने वाचला जातो, हा माझा कार्यालयातील अनुभव आहे. नकार आला तर तो मानावा.

साहित्य मोजकेच लागते. प्रत्येकाला हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण, कपाळावरची विजेरी आणि त्याशिवाय आणखी दोन स्वतंत्र दिवे, घोट्यावर चढणारे बूट, एन-९५ मुखपट्टी, शिटी, पथकात एक वायुमापक, प्रथमोपचार पेटी आणि पायाला बांधता येईल अशी फळी. भ्रमणध्वनी आत चालत नाही, म्हणून पाचांपैकी दोघांनी बाहेरच थांबायचे, घड्याळ पाहून ठरलेल्या वेळेनंतर आत न शिरता मदत बोलवायची, आणि हे पाळण्याची शपथ घेतल्यासारखी समजूत आधीच करून घ्यायची. आत गेलेल्यांनी एकमेकांमध्ये चार-पाच मीटर अंतर ठेवावे. एक दगड दोघांवर पडू नये. साचलेल्या पाण्यात पाय घालू नये, कारण त्याखाली उघडी नाली असते. हातोडी नेऊ नये. मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत पांढऱ्या स्फटिकांचे सुंदर गुच्छ दिसतात आणि ते उकरून नेण्याचा मोह अनेकांना होतो. ते उकरणारा स्वतःच्या डोक्यावरचा दगड सैल करीत असतो.

आता आत गेल्यावर काय पाहावे, ज्यासाठी हा खटाटोप. तोंडावरच्या घडीव दगडांची बैठक पाहावी : कमानीचे दगड पाचरीसारखे कसे घडवले आहेत, मधला चावीचा दगड किती सफाईने बसला आहे. माथ्यावर, जेथे पाणी पोहोचलेले नाही तेथे, वाफेच्या इंजिनांची काजळी अजून धरून बसलेली आढळू शकते. ती बोटाने पुसू नये, ती सहासष्ट वर्षांच्या वाहतुकीची नोंद आहे. भिंतीतले कोनाडे मोजावेत, त्यांतील अंतर पावलांनी काढावे. नाली खडकात कोरली आहे की बांधली आहे हे पाहावे. अस्तर कोठे सुरू होते आणि कोठे संपते ते लिहून घ्यावे, कारण त्या दोन बिंदूंवर बांधणाऱ्यांना खडक कसा बदलताना दिसला हे तुम्हाला त्यांच्याच निर्णयातून कळते. बोगद्याच्या आत वीस मिनिटे काळजीपूर्वक काढलेला माणूस कितीतरी पुस्तकांतून न मिळणारी गोष्ट घेऊन बाहेर येतो.

आणि हे लिहून घेणे आता निकडीचे आहे. याच परिसरातील, अमृतांजन पूल या नावाने ओळखला जाणारा दगडी कमानींचा पूल एप्रिल २०२० मध्ये द्रुतगती मार्गावरच्या वाहतुकीसाठी पाडण्यात आला. पाडण्यामागचे कारण मी समजू शकतो. पण त्याची दरज-दरज मोजून ठेवलेली नोंद आपल्यापैकी किती जणांकडे आहे, याचे मला वाईट वाटते. बाथजवळचा कूम डाउन हा १,६७२ मीटरांचा बोगदा १९६६ मध्ये बंद झाला होता. त्याची तपासणी आणि दुरुस्ती करून, आत दिवे बसवून, २०१३ मध्ये तो सायकलस्वारांसाठी आणि पादचाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. आपल्या घाटातील एखादा सुस्थितीतला आखूड बोगदा असा खुला व्हावा ही माझी जुनी इच्छा आहे, आणि त्यासाठी पहिली पायरी म्हणजे विश्वासार्ह मोजमाप आणि छायाचित्रे.

तुमच्या बेतापुरते सांगायचे तर पहिली खेप जानेवारीत, बोगद्यात न शिरता करावी. राजमाची पॉइंटवरून आणि नागफणीवरून दुर्बिणीने घाट पाहावा, चालू मार्ग आणि जुनी आखणी नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी काढावी. नंतर रूळ न ओलांडता, मोकळ्या वाटेने एखाद्या तोंडापर्यंत जाता येत असेल तरच जावे. वीस मीटर अंतरावर थांबून वरचा कडा, तोंडाची कमान, जमिनीवरचे दगड आणि पलीकडचा उजेड यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि प्रत्येक चित्रात मापासाठी एक मीटरची काठी उभी ठेवावी. ती छायाचित्रे, नकाशा आणि तारीख परवानगीच्या अर्जाला जोडावी. मार्च उजाडण्यापूर्वी परवानगी हाती आली तर त्याच हंगामात जाता येईल. नाही आली तर पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबावे आणि पावसाळा उलटल्यावर तीच छायाचित्रे त्याच जागेवरून पुन्हा घेऊन मधल्या काळात काय पडले ते आधी ताडून पाहावे.